फुटून राहिली होती

सातवीच्या मराठीच्या पुस्तकात त्या काळी एका जुन्या आख्यानकाव्यातला उतारा होता. काव्याचे नाव इथे लिहीत नाही. काव्याचा काही दोष नव्हता. जे झाले ते माझ्या हातून झाले, आणि तेही लाल शाईने.

उतारा असा होता. राजधानीच्या वरच्या अंगाला मोठा तलाव आहे. राजा मोहिमेवर निघताना तलावाच्या राखणदाराला बजावतो की माझ्या माघारी पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, कुदळ लावायची नाही. पुढे पाऊस होतो, तलाव काठोकाठ भरतो. राखणदार पाळीवर जातो आणि तिचे दक्षिणेकडचे टोक फोडतो. पाणी राजाच्या खासगी बागेत आणि शेतात शिरते, सगळे वाहून जाते. नगर मात्र कोरडे राहते. राजा परत येऊन राखणदाराला हद्दपार करतो, आणि राखणदार एक शब्दही न बोलता निघून जातो. त्याने पाळ का फोडली हे कवीने कुठेच सांगितलेले नाही. एका ओळीत तो कुदळ उचलतो आणि पुढच्या ओळीत पाणी बागेत असते.

‘राखणदाराचे स्वभावचित्र रेखाटा’ हा प्रश्न परीक्षेत वरचेवर येई. मुले वापरत त्या नोट्सच्या पुस्तकात त्याचे उत्तर तयार होते. राखणदार स्वामिद्रोही आहे, त्याचे मौन म्हणजे गुन्ह्याची कबुली आहे, आणि कवीला स्वामिनिष्ठेचे महत्त्व सांगायचे आहे. मीही पहिली दोन-तीन वर्षे असेच शिकवले. नंतर मला शंका येऊ लागली, पण ती मी वर्गात बोललो नाही. मुलांना पास व्हायचे होते आणि मला माझ्या वर्गाचा निकाल चांगला लागायला हवा होता.

शाळा केशोरीपासून दोन-अडीच कोसांवरच्या एका गावात होती. सातवीत बारा मुले होती आणि एक मुलगी. सातवीची परीक्षा तेव्हा बोर्डाची असे, तिला ‘फायनल’ म्हणत. आमच्या भागात गावागावाला तलाव, त्यामुळे तलाव म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नसे. उलट मुलेच मला अडवत.

“गुरुजी, त्या तलावाले सांडवा नव्हता का?” एकाने विचारले.

“काव्यात सांगितलेले नाही.”

“सांडवा नसन त राजाचीच चुकी हाये. राखनदार का करन?”

“हे काव्य आहे,” मी म्हणालो. “पाटबंधारे खाते नाही.”

वर्ग हसला आणि मी पुढच्या ओळीकडे वळलो. आता वाटते, त्या पोराने सरळ प्रश्न विचारला होता. पण त्या दिवसांत मुलांचे प्रश्न मला अडाणी वाटत, आणि ते कोणत्या भाषेत विचारले जात त्यामुळे तर अधिकच.

भाषेचे हे सांगायलाच हवे. मी काही परका नव्हतो. आमचे घर बिरसीकडचे, धानाची शेती. घरात मीही ‘जेवून राहिलो’, ‘जाऊन राहिलो’ असेच बोलत वाढलो. आमच्या बोलीत त्याचा अर्थ एवढाच की ते काम या घडीला चालू आहे. जेवून राहिलो म्हणजे जेवतो आहे. नागपूरला शिकायला गेलो तेव्हा तिथे पुण्याकडचे एक शिक्षक होते. एकदा त्यांनी मला विचारले, कुठे निघालात? मी म्हणालो, “वाचनालयात जाऊन राहिलो, सर.” ते म्हणाले, “जाऊन राहिलात? मग परत कधी आलात?” वर्गातली चाळीस माणसे हसली. मीही हसलो. त्या रात्री पडल्या पडल्या मी ठरवले की हे ‘राहणे’ माझ्या तोंडातून पुन्हा येणार नाही, आणि ते आले नाही. पुढे मास्तर झाल्यावर वह्यांमध्ये कुठेही ‘करून राहिला’, ‘बोलून राहिली’ दिसले की मी लाल शाईने आडवी रेघ मारत असे. तो विनोदही मी वापरत असे. ‘जाऊन राहिलास? मग परत कधी आलास?’ प्रत्येक वर्षीची नवी मुले त्याला हसत.

वर्गातली ती एकुलती मुलगी सोळा वर्षांची होती. लहान भावंडांना सांभाळायला दोन वर्षे घरी बसली होती आणि मग पुन्हा शाळेत आली होती. पिढ्यानपिढ्या तलाव बांधणाऱ्या आणि राखणाऱ्या शेतकरी घरातली. तिचा बाप एकदा शाळेच्या व्हरांड्यात येऊन माझ्यासमोर म्हणाला, “फायनल पास झाली त टरेनिंगले पाठवतो, मास्तरीन होऊ दे. नाई झाली त उन्हाळ्यात लगीन. मंग मले कोनी काई बोलाचं नाई.” ती खांबाआड उभी होती. तिने मान हलवली. तेवढ्यावर तिचा सगळा हिशेब ठरला होता आणि तो मला पक्का ठाऊक होता. मला माहीत नव्हते असे मी म्हणू शकत नाही.

गावातली पोरे तिला चिडवताना ‘पारफोड्याची नात’ म्हणत. आमच्याकडे पाळीला पार म्हणतात. तिचा आजा म्हातारा, घरी बसलेला, त्याला गाव पारफोड्या म्हणे. गावात अशी नावे घराघराला असतात. कोणी ‘कोंबडचोर’ असतो, कोणी ‘साहेब’. त्यामागे काय आहे हे मी कधी विचारले नाही. तलावाची पाळ आणि पारफोड्या हे नाव, दोन्ही माझ्यासमोर होती आणि मी वर्गात उभा राहून राखणदाराचा स्वभाव शिकवत होतो. दोन गोष्टी एकत्र जोडायचे मला सुचले नाही. साहित्य शिकवणाऱ्या माणसाला हे सुचू नये याचे मला आजही नवल वाटते.

त्या वर्षी मी राखणदाराचे स्वभावचित्र घरून लिहून आणायला सांगितले. बारा मुलांनी नोट्समधला स्वामिद्रोही उतरवून आणला. त्या मुलीने स्वतःचे लिहिले. तिचे अक्षर गोल होते आणि टाक दाबून लिहायची सवय होती, पानामागूनही हात फिरवला तर अक्षरे लागत. तिने लिहिले होते की राखणदार पाळीवर पोहोचला तेव्हा नगराकडची पाळ फुटून राहिली होती. म्हणून त्याने दुसरे टोक फोडले. पाणी तिकडून निघाले आणि नगराकडची पाळ वाचली. त्याने राजाचा हुकूम मोडला, पण राजाची माणसे वाचवली. तो काही बोलला नाही, कारण त्याचे कोणी ऐकले नसते.

मी तिला उभे केले. “पाळ फुटत होती हे काव्यात कुठे आहे?”

“नाई लिहिलं, गुरुजी. पन कुदर कोनी उगाच उचलते का?”

मला उत्तर आवडले. खरोखर आवडले. माझ्या मनातली जुनी शंका कोणीतरी धिटाईने लिहून दिली होती. मी दहापैकी सात गुण दिले आणि म्हणालो, “परीक्षेत हेच लिही. पण शुद्ध लिही.” त्याप्रमाणे मी तिचे उत्तर लाल शाईने शुद्ध केले. ‘पाणी तुंबून राहिले होते’चे ‘पाणी तुंबत होते’ केले. ‘तो पाहून राहिला होता’चे ‘तो पाहत होता’ केले. आणि ‘पाळ फुटून राहिली होती’ यावर आडवी रेघ मारून मी वर लिहिले, ‘पाळ फुटली होती’.

फुटत होती नव्हे. फुटली होती.

मी असे का लिहिले? पंधरा-सोळा वर्षे झाली, मी अजून हा प्रश्न उलटसुलट करतो. दमलो असेन. सगळ्या वर्गांच्या मिळून चाळीस-पन्नास वह्या तपासल्यावर हात आपोआप चालतो. किंवा माझा कान इतका बदलला होता की ‘फुटून राहिली’ म्हटल्यावर मला खरोखर ‘फुटली आणि तशीच राहिली’ असे ऐकू आले, त्या नागपूरच्या सरांना ऐकू येई तसे. की मनातून मला भीती वाटत होती की हे उत्तर नोट्सच्या विरुद्ध आहे, आणि ते थोडे लुळे झाले तर मला चालणार होते? मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. प्रत्येक वेळी वेगळे उत्तर येते आणि तेव्हापुरते ते खरे वाटते.

वही परत दिली तेव्हा ती बराच वेळ पान पाहत राहिली. मग जागेवरून म्हणाली, “गुरुजी, तुमी लिहिलं तशी त पार फुटूनच गेली.”

मुले हसली. मला वाटले, ती माझी थट्टा करते आहे.

“व्याकरण तुला जास्त कळते की मला?”

“तुमाले.”

“मग? फुटून राहिली होती म्हणे. कुठे राहिली होती? कोणाच्या घरी?”

मुले आणखी हसली. ती खाली बसली. मी तिला ते शुद्ध उत्तर पाठ करायला सांगितले.

परीक्षेचे केंद्र गोंदियाला होते. बैलगाडीने अर्जुनीपर्यंत आणि तिथून छोट्या लाईनच्या गाडीने आम्ही गेलो. गोंदियाच्या फलाटावर चहावाल्याने आमचा घोळका पाहून विचारले, “मास्टरजी, बारा लड़के और एक लड़की? बारात ले के निकले हो क्या?” मुले खिदळली. ती एका ट्रंकेवर बसली होती आणि ओठ हलवत पाठ म्हणत होती. मी जवळून गेलो तेव्हा मला ऐकू आले, “नगराकडची पाळ फुटली होती.” स्वच्छ उच्चार. ळ सुद्धा ळच म्हटला होता, र नाही. मला आनंद झाला. तो आनंद मला अजून लख्ख आठवतो आणि तोच सगळ्यात जास्त टोचतो.

निकाल लागला. बारातली दहा मुले पास झाली. ती नापास झाली, आणि तीही मराठीत. गणितात पास, भूगोलात पास, मराठीत चार गुण कमी. राखणदाराचा प्रश्न पेपरात आला होता आणि तिने पाठ केलेलेच लिहिले होते.

आठवडाभर मी तिच्या घरी जायचे टाळले. मग तिच्या आज्याचा निरोप आला, मास्तरले बोलवा. मी दुपारी गेलो. म्हातारा छपरीत खाटेवर बसला होता, अंगाने वाळलेला, डोळ्यांवर साय धरलेला. मला बसायला गोणपाट टाकायला सांगितले आणि मी बसायच्या आत म्हणाला, “नापास कऱ्याची होती त शिकवली कायले?”

“मी नाही केली, बाबाजी. बोर्डाने केली.”

“बोरड कोन होय? आमाले त तुमीच दिसता.”

म्हाताऱ्याचा आवाज खाली आला. “तिच्या बापाले मी एक साल मांगून घेतलं हाये. आनखी एक साल. मंग माह्याबी हाती काई नाई. मले सांगा, त्या राखनदाराचं तिनं का लिहिलं? घरी मले सांगे, आजा, तुहीच गोष्ट पुस्तकात आली म्हने. मले वाचता येत नाई. तुमी वाचा.”

तुहीच गोष्ट. मी हे पहिल्यांदा ऐकत होतो. मुलीने आतून वही आणली, माझ्या हातात दिली आणि दाराच्या चौकटीत उभी राहिली. मी वाचू लागलो. शुद्ध केलेलेच वाचले, सवयीने. राखणदार पाळीवर पोहोचला तेव्हा नगराकडची पाळ फुटली होती.

म्हाताऱ्याने हात वर केला. “थांबा. फिरून वाचा.”

मी पुन्हा वाचले.

“असं लिहिलं तिनं?” तो दाराकडे वळला. “मुनशीनंबी असंच लिहिलं होतं.”

मग त्याने सांगितले. मी त्याच्या शब्दांत लिहितो, जमेल तितके.

“मालगुजाराचं राज होतं, गाव त्याचं, तलाव त्याचा. तलाव राख्याचं काम आमच्याकडे. एक साली पानी असं पडलं का चार दिवस सूर्य नाई दिसला. सकाळी पारीवर गेलो त गावाकडची पार फुटून राहिली होती. माती सुटून राहिली होती, पानी झिरपून राहिलं होतं, पायाखाली पार हालून राहिली होती. प्रतापगडच्या बाबाची आन, मी खोटं नाई बोलत. म्हनून मी धावत जाऊन तिकडचं टोक फोडलं. तिकडे मालगुजाराच्या बांद्या, धानाची वावरं. धान बुडलं. गाव वाचलं. मंग तहसिलीतून मुनशी आला बयान घ्याले. मी म्हनलो, साहेब, पार फुटून राहिली होती. त्यानं लिहिलं, ‘फूट गई थी’. वाचून दाखवलं, मी हो म्हनलो. मले वाटलं एकच होय. मंग तहसिलीचा मोठा साहेब पार पाह्यले गेला, त पार उभी. तिकडून पानी निघालं म्हनून उभी राहिली, हे कोनाले समजलं नाई. म्हने, पार फुटली होती म्हनतोस, आन पार त साबूत हाये. खोटं बोलून राहिला. मालगुजाराचं धान बुडव्यासाठी फोडली.” तो हसला, दात नसलेल्या तोंडाने. “तवापासून मी पारफोड्या. तलाव राख्याचं काम गेलं, नाव राह्यलं.”

मी वहीकडे पाहिले. माझ्या लाल रेघेखाली तिची काळी अक्षरे स्पष्ट दिसत होती. दाबून लिहिलेली होती, पुसली गेली नव्हती. फुटून राहिली.

काव्यातही नगर कोरडे राहते. नगराकडची पाळ उभी असते. ती आधीच फुटली होती असे कोणी लिहिले, तर तपासणारा काय समजेल? मुलीने उतारा नीट वाचला नाही, असेच समजेल.

म्हातारा मुलीकडे पाहून म्हणाला, “आपल्या घरची पोरगी, आन मुनशीवानी लिहिते. तुले मी कितीदा सांगतलं?”

तिने एकदा माझ्याकडे पाहिले, आणि मग जमिनीकडे.

मी त्या वेळी बोलायला हवे होते. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हते. लाल काय आणि काळे काय, त्याला काहीच माहीत नव्हते. एक वाक्य पुरे होते: बाबाजी, तिने बरोबर लिहिले होते, मी बदलले. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आले होते असे मला वाटते. पण कदाचित ते मी नंतर रचलेले असेल. खरे एवढेच की मी वही मिटली आणि म्हणालो, “पुढच्या वर्षी चांगले होईल.” तिने मला पाणी आणून दिले. ते मी प्यायलो आणि निघालो.

ती गप्प का राहिली हे मला कळलेले नाही. गुरुजींचा मान म्हणून असेल. मी काय करतो ते तिला पाहायचे असेल. किंवा आज्याचे राखणदारासारखे झाले, मग आपलेही तसेच होऊ दे, असे काही. सोळा वर्षांच्या मुलीच्या मनात इतके असते का? मी साहित्यातल्या पात्रांचे स्वभाव शिकवत होतो, आणि चार हातांवर उभ्या असलेल्या मुलीचा एक कटाक्ष मला वाचता आला नाही.

शाळा उघडल्यावर मी एक दिवस तिला विहिरीजवळ गाठले. “चूक माझी होती,” मी म्हणालो. “तिथे ‘फुटत होती’ असे हवे होते.”

“मले मालूम होतं, गुरुजी.”

“मग परीक्षेत तू...”

“तुमी लाल शाईनं लिहिलं होतं.” तिने घागर उचलली. “आन पाठ केलं होतं. पाठ केलेलं बदलत नाई.”

ते वर्षभर मी तिच्यावर जास्त मेहनत घेतली. इतर मुले कुजबुजत, पण मी लक्ष दिले नाही. वर्गात तो विनोद मी पुन्हा केला नाही. ‘राहिला’ दिसले की आधी थांबायचो, वाक्य मोठ्याने म्हणून पाहायचो, मग शाई लावायचो. राखणदाराचा धडा आला तेव्हा मी मुलांना सांगितले की याचे दोन अर्थ होतात. कोणता खरा, असे मुलांनी विचारले. मी म्हणालो, मला माहीत नाही. मास्तरने असे म्हणणे त्यांना आवडले नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारले की तुम्ही मुलांना गोंधळात का टाकता. त्यांना मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. गोंधळात तर मीच होतो.

परीक्षेत त्याच उताऱ्यावर पुन्हा प्रश्न आला, शब्द थोडे फिरवून. पेपर सुटल्यावर ती बाहेर आली तेव्हा मी विचारले नाही. निकाल लागला. ती पास झाली, मराठीत चांगल्या गुणांनी. बापाने शब्द पाळला. ट्रेनिंगला जायचे ठरले. ती शाळेत पेढे घेऊन आली, तेव्हा मला राहवले नाही.

“राखणदाराचे काय लिहिलेस?”

तिने पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवला. “द्रोही लिहिलं.”

“काऊन?” ‘का’ऐवजी आमच्या घरचे हे ‘काऊन’ माझ्या तोंडून किती वर्षांनी बाहेर आले होते.

“काऊन का? पास व्हाचं होतं, गुरुजी. नोट्समधलं पाठ केलं. स्वामिद्रोही, मौन म्हणजे गुन्ह्याची कबुली.” ती पुस्तकातल्यासारखे शुद्ध म्हणाली, एकही चूक नव्हती. “आजाले नोका सांगू.”

मी सांगणार नव्हतोच. पण चार दिवसांनी म्हाताऱ्याचा निरोप आला. आता तो खाटेवरून उठत नव्हता. मी गेलो तेव्हा मुलगी उशाशी बसून त्याला चमच्याने पेज पाजत होती. मला पाहून ती उठली नाही.

“पोरगी पास झाली,” म्हातारा म्हणाला.

“झाली, बाबाजी.”

“तुमी पेपर पाह्यला का?”

पेपर कधी परत येत नाही, पण त्याला ते ठाऊक नव्हते. “पाहिला,” मी म्हणालो.

“राखनदाराचं का लिहिलं तिनं? खरं सांगा. पोरगी सांगत नाई.”

मुलीच्या हातातला चमचा वाटीत थांबला. मी तिच्याकडे पाहिले नाही. एका क्षणात मला तिन्ही उत्तरे आठवली. तिचे, माझ्या लाल शाईचे आणि नोट्समधले. परीक्षेत गेलेली दोन होती आणि दोन्ही खोटी होती. तिसरे तिने एकदाच लिहिले होते, आणि ते मी खोडले होते.

“तिने लिहिले,” मी म्हणालो, “पार फुटून राहिली होती.”

म्हाताऱ्याने मान माझ्याकडे वळवली. मग त्याने विचारले, “आन बोरडानं मानलं?”

“मानले.”

“हं,” तो म्हणाला आणि त्याने तोंड उघडले, पुढच्या चमच्यासाठी.

मी उठलो. मुलगी मला अंगणापर्यंत सोडायला आली. तांब्या तिच्या हातात होता, तिने तुळशीत पाणी ओतले आणि तिथेच वाकलेली राहून म्हणाली, “गुरुजी, ‘फुटत होती’ म्हणायला हवे होते तुम्ही. शुद्ध.”

ती हसत होती की नाही हे मला दिसले नाही. मी तलावाच्या वाटेने शाळेकडे निघालो.